एकाच ओवीची आवर्तने आणि दोन जुने स्पूल टेपरेकॉर्डर

प्रश्न
गिरगावातल्या एका चाळीच्या सभागृहात मी ध्वनिमांडणी करणार आहे. आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी एका जुन्या स्पूलवर आहे. तिची चार सेकंदांची एक ओळ दोन टेपरेकॉर्डरांवर एकदम सुरू करून अखंड फिरत ठेवावी आणि दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटू द्यावेत, अशी कल्पना आहे. चोर बाजारातून घेतलेली यंत्रे चालू आहेत. मूळ टेप कापून तिचे वेटोळे करावे, की संगणकावरूनच आवाज सोडावा?

प्रतिसाद १
मूळ टेपला कृपया कात्री लावू नका. आधी तिची डिजिटल प्रत करा, त्यावरून कोऱ्या टेपवर दोन प्रती काढा आणि त्यांचीच वेटोळी करा. सेकंदाला १९ सेंटीमीटर या वेगाने चार सेकंदांना ७६ सेंटीमीटर टेप लागेल. टोके तिरकी कापून टेप जोडण्याच्या खास चिकटपट्टीनेच जोडा, कारण साध्या पट्टीचा डिंक पाझरून हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागतो. स्पूलला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर टेपचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे; मग मुंबईतला पावसाळा येण्याआधीच प्रत काढा.

प्रतिसाद २
संगणक नको. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये एका धर्मोपदेशकाचे शब्द दोन यंत्रांवर फिरवले, तेव्हा ती आपोआप मागेपुढे होऊ लागली आणि त्यातूनच त्यांची रचना उभी राहिली. वेटोळ्यांत एका मिलिमीटरचा फरक ठेवलात, तर यंत्रांचा वेग सारखा आहे असे धरून दोन्ही आवाज सुमारे ५० मिनिटांनी पुन्हा जुळतील. प्रत्यक्षात मोटर आणि टेप पुढे ओढणारा झिजलेला रबरी रोलर हे गणित बिघडवतील, आणि ते बिघडायलाच हवे. जात्याचा फेरा तरी कुठे सारखा असतो? वैरण, म्हणजे मूठभर धान्य, जात्यात घालताना हात मंदावतो आणि ओवीही लांबते.

प्रतिसाद ३
मांडणी दिवसाला आठ तास चालली, तर ७,२०० फेरे होतील. २००१ मध्ये अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्की आपल्या जुन्या टेपांच्या डिजिटल प्रती काढत असताना टेपवरचा चुंबकीय थर गळत गेला, आणि तो ऱ्हासच त्यांनी रचना म्हणून जपला. कोऱ्या टेपचे इतक्यात तसे होणार नाही, तरीही रोज नवी प्रत लावू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. हेड मात्र रोज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला ते लावू नका.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मूळ स्पूल जपून ठेवतो आणि एक वेटोळे मिलिमीटरभर लांब कापतो. प्रती मात्र शेवटच्या दिवसापर्यंत त्याच राहतील.