'डायलेट' आणि 'एक्स्पांड' यांत फरक काय?

खडीसाखर:
अनुवादाचं काम करते. हातात एक आरोग्यपुस्तिका आहे, तिच्यात 'डायलेट' हे क्रियापद डोळ्याची बाहुली, रक्तवाहिनी आणि बाळंतपण अशा तिन्ही ठिकाणी आलंय. शब्दकोशात विस्तारणे, फुगणे, पसरणे असं सगळंच दिलंय. मी सरसकट 'प्रसरण पावणे' घातलं, तर संपादकबाईंचा शेरा आला, "रक्तवाहिनी म्हणजे काय रेल्वेचा रूळ आहे का?" मग नेमकं काय लिहू? आणि शब्द आला कुठून?

निवृत्त सिस्टर, मिरज:
संपादकबाईंचं बरोबर आहे हो. माझी निम्मी नोकरी नेत्रविभागात गेली. सकाळपासून बाकावरच्या रांगेपुढून फिरायचं आणि विचारायचं, "आजोबा, डायलेट झालं का? बघू, वर बघा." थेंब घातल्यावर वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्यात डोळा काही मोठा होत नाही. रंगीत पडदा कडेला सरतो आणि मधलं भोक रुंद होतं, म्हणजे आतला पडदा नीट दिसतो. डायलेट म्हणजे हे. एखादं भोक, नळी, तोंड किंवा पोकळी रुंद होणं. नाकपुड्या होतात, रक्तवाहिन्या होतात, हृदयाचे कप्पेसुद्धा होतात (ते मात्र दुखणं). धंदा किंवा शहर एक्स्पांड होतं, डायलेट नाही.

प्रसूतिकक्षात आम्ही "चार सेंटीमीटर उघडलंय" म्हणायचो. पूर्ण उघडलं म्हणजे १०. "गर्भाशयमुख प्रसरण पावले" असं बाळंतिणीच्या सासूला सांगितलं असतं, तर तिने देवच पाण्यात घातले असते. तुम्ही बाहुली विस्फारते, रक्तवाहिनी रुंदावते, तोंड उघडतं असं लिहा. तिन्हीकडे एकच शब्द बसवायचा हट्ट कशाला?

आणि पुस्तिकेत हेही असू द्या: थेंबांनंतर काही तास जवळचं वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात, स्वतः गाडी चालवू नये. बरोबर माणूस आणा म्हणून बजावलं तरी लोक एकटेच स्कूटरवर यायचे.

बोरूबहाद्दर:
उगमाचं मी सांगतो. लॅटिन 'दिलातारे'. 'दिस' म्हणजे अलग, 'लातुस' म्हणजे रुंद. 'लॅटिट्यूड'मध्ये हाच लातुस आहे. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. 'एक्स्पांड'मधला 'पांदेरे' म्हणजे पसरणे, त्यामुळे मुळातच दोघं वेगळे.
'डिलेटरी', म्हणजे चालढकल करणारा, दिसायला भाऊबंद वाटतो, पण त्याचं मूळ 'लांबणीवर टाकणे' या दुसऱ्या क्रियापदात आहे.
एखाद्या विषयावर सविस्तर बोलणे असाही डायलेटचा अर्थ आहे. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला डेस्डेमोना आपली सगळी भटकंती 'डायलेट' करून सांगायला लावते. आज हा वापर पुस्तकी वाटतो. आमच्या सोसायटीच्या सभेत मात्र अध्यक्ष दर वेळी पार्किंगवर डायलेट करतात.

खडीसाखर:
दोघांचे आभार! सिस्टर, एका जागी 'डायलेशन' आणि दुसरीकडे 'डायलटेशन' आहे. छापताना चुकलंय का?

निवृत्त सिस्टर, मिरज:
नाही, दोन्ही चालतात. आमचे जुने डॉक्टर 'डायलटेशन'च म्हणायचे. बायका ज्याला क्युरेटिंग (गर्भपिशवी आतून साफ करणं) म्हणतात त्या 'डी अँड सी'मधला 'डी' तोच.

बरं, थेंबांवरून आठवलं. 'बेलाडोना' म्हणजे इटालियनमध्ये सुंदर स्त्री. तिकडच्या बायका डोळे टपोरे दिसावेत म्हणून त्या वनस्पतीचा रस डोळ्यांत घालत. बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन हे औषध त्याच झाडातलं, आणि आपल्या धोतऱ्यातही ते असतं. शेतात धोतरा उपटून त्याच हाताने डोळा चोळला, तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते आणि घरचे घाबरून डोक्याला मार लागलाय का म्हणून धावत येतात. पुस्तिका खेड्यात वाटणार असाल तर धोतऱ्यावर दोन ओळी घालता येतात का ते संपादकबाईंना विचारा.