फॅमिली ग्रुप ‘शहापूरचं घर’ (बेळगाव) : स्विफ्टच्या टायरांची पंचाईत

संजूदादा: (फोटो)
संजूदादा: पुढच्या डाव्या टायरला बाजूला फुगा आलाय. आज अलाइनमेंटला उद्यमबागला नेली तर तिथला पोरगा हात लावायला तयार नाही. म्हणतो मालक, आधी टायर बदला, मग या. रविवारी साखरपुड्याला सावंतवाडीला जायचंय, मध्ये आंबोली घाट आहे, पाऊस सुरू झालाय. मे महिन्यात गाडी चोर्ला घाटातून गोव्याला कोणी नेली होती ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

महेश (बेंगळूर): घेतलंस की. बाकी काय राहिलं.

अप्पा: टायरवर अजून नक्षी हाय. फोटो नीट बघा.

सुमनआत्या: 🙏 शुभ सकाळ. ज्याच्या मुखी नाम त्याला कसली चिंता 🌺 रविवारी कुंदा किती किलो न्यायचा ते कोणीतरी सांगा.

महेश: दादा, मी गाडी परत दिली तेव्हा तूच चालवून बघितलीस. तेव्हा फुगा नव्हता.

संजूदादा: तेव्हा अंधार होता आणि तुला ट्रॅव्हल्स गाठायची होती.

ओंकार: मामा, खड्ड्यात दणका बसला की आतले धागे तुटतात. मग हवा तेवढ्या जागी रबर बाहेर ढकलते. कधीकधी फुगा लगेच दिसत नाही, नंतर दिसतो. म्हणजे दोघंही बरोबर असू शकता.

मीनाताई: वकील झाला माझा मुलगा.

निपाणी दाजी: फुग्याला आतनं पॅच मारतात. आमच्या इथं एकजण मारून देतो. कशाला खर्च.

ओंकार: बाबा, पॅच पंक्चरला. बाजूच्या भिंतीला काही करता येत नाही. तो टायर घाटात फुटू शकतो.

अप्पा: मी जन्म डेपोत काढला. टायर नक्षीवरून बघायचा असतो. नक्षी हाय.

संजूदादा: अप्पा, बसचे टायर तुम्ही रिमोल्ड करत होता, जुन्यावर नवी नक्षी चढवत होता. कारचं तसं नसतं.

अप्पा: मला शिकवालास काय?

निपाणी दाजी: ⏩ फॉरवर्ड: *टायरमध्ये नायट्रोजन भरा, टायर कधीच फुटत नाही!! डॉक्टर आणि इंजिनिअर लपवतात ही गोष्ट!!*

मीनाताई: डॉक्टर कशाला लपवतील?

ओंकार: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा महिन्यातून एकदा तपासली तर साधी हवा पुरे. आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त हवेचा असतो, तो भरायचा नाही. हे बाबांसाठी. गेल्या वेळी त्यांनी तोच भरला होता.

निपाणी दाजी: गाडी पळत होती की चांगली.

सविता: उडत होती दाजी. माझी पाठ अजून दुखते.

संजूदादा: मुद्द्यावर या. एक बदलायचा, दोन की चार? साईज १६५/८० आर १४ आहे. दुकानात चार-साडेचार हजाराला एक सांगितला.

बाळूकाका (खानापूर): एक बदला. बाकीच्या तिघांनी काय पाप केलंय?

ओंकार: एक नवा आणि शेजारचा झिजलेला, असं एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत नको. ब्रेक मारला की गाडी ओढते. आधी मला तारखा बघू द्या. प्रत्येक टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दादामामा, बघता का?

संजूदादा: ऑफिसात आहे. अप्पा, जरा खाली जाऊन बघता का?

अप्पा: आकडे दिसत न्हाईत. नक्षी दिसते.

ओंकार: ते एकाच बाजूला असतात आजोबा. बाहेर नसतील तर आतल्या बाजूला. वाकू नका, मी क्लासवरून येताना बघतो.

महेश: मी काय म्हणतो, बदलायचेच तर जरा रुंद टाकूया. १८५/७० आर १४. त्याच रिमवर बसतात, उंचीत पाच मिलिमीटरचा फरक. घाटात पकड चांगली मिळते. इथं माझ्या मित्राने मिशेलिनचे टाकलेत, आवाजच नाही.

संजूदादा: वर्षातून दोनदा चालवणाऱ्याला पकड लागते. पेट्रोल मी भरतो. रुंद टायरला स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. कंपनीने आपल्या व्हीएक्सआय मॉडेलला जी दिली तीच साईज.

महेश: ~हा मेसेज डिलीट केला आहे~

मीनाताई: डिलीट केलास तरी मी वाचला, महेश. अप्पांच्या समोर असं बोलू नये.

अप्पा: काय बोलला?

मीनाताई: काही नाही अप्पा.

निपाणी दाजी: डोळे झाकून एमआरएफ घ्या. आमच्या ट्रॉलीला पण एमआरएफच.

बाळूकाका: जेके घ्या. म्हैसूरला कारखाना हाय. आपल्या राज्यातला माल.

निपाणी दाजी: कुठलं आपलं राज्य, काका? सीएट घ्या मग, नाशिकला कारखाना आहे.

बाळूकाका: दाजी, रेशनकार्ड कुठलं तुमचं?

संजूदादा: सीमावादाचा विषय २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. रविवारच्या आत निकाल लागणार नाही. टायरचं बोला.

सविता: हौद्री भाऊजी. धारवाडवाल्यांची काही हरकत नाही, कुठलेही घाला 😄

सुमनआत्या: कुंद्याचं कोणी बोलेना.

निपाणी दाजी: कोल्हापूरला घ्या. तिथं स्वस्त.

संजूदादा: टायरवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात २८ चा १८ टक्के झाला, तो इकडे तोच आणि तिकडे तोच. हत्तरगी आणि कोगनोळीला टोल द्या, पेट्रोल जाळा, आणि काही बिघडलं तर परत कोल्हापूर?

निपाणी दाजी: मी आपलं चांगल्यासाठी सांगितलं. पटत नसेल तर राहू दे.

मीनाताई: झालं, हे आता दोन दिवस बोलणार नाहीत.

ओंकार: (चार फोटो)
ओंकार: आलो बघून. चारही टायर ३५१८. म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. बाजूला बारीक चिरा आहेत, आजोबांच्या टाचेसारख्या. सॉरी आजोबा.

अप्पा: नक्षी?

ओंकार: नक्षी आहे. पुढच्यांना जरा कमी, पण खाचेत जे उंचवटे असतात त्यांच्यापर्यंत झीज पोचलेली नाही. ते १.६ मिलिमीटरवर असतात, तिथे नक्षी आली की टायर कायद्याने बाद. बाहेर टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) लिहिलंय त्याच्या सरळ रेषेत बघायचं. पण गाडी कमी फिरते म्हणून नक्षी राहिली, रबर मात्र म्हातारं झालं. उन्हात अंगणात उभी असते ना. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

बाळूकाका: मग पुढचे दोन नवे घाला. इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, ब्रेक पुढं.

ओंकार: दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे घालायचे काका.

बाळूकाका: कोण सांगतंय? बैल पुढं असतो का मागं?

ओंकार: ऐका ना. पुढचे घसरले तर स्टिअरिंग हलकं लागतं, कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी सावरते. मागचे घसरले तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि आंबोलीच्या वळणावर ते आपल्याला सावरता येत नाही. पाणी बाहेर फेकायला खोल खाच लागते, नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते. म्हणून चांगली जोडी मागे. मोठ्या कंपन्या पण हेच सांगतात. खड्ड्यात पुढचा टायर फुटेल ही भीती वेगळी, त्यासाठी फुग्याचा टायर काढायचाच आहे.

संजूदादा: मी इतकी वर्षं उलटंच ऐकत आलो. पटलं. पण मग आठ वर्षांची जोडी पुढे ठेवून घाटात जायचं?

ओंकार: तेच म्हणतोय. चारही घ्या.

अप्पा: नक्षी असलेले टायर टाकायचे. पैसे झाडाला लागलेत.

मीनाताई: अप्पा, गाडीत तुम्ही आणि आईच बसणार आहात. चार घ्या रे. आणि महेश, तू अर्धे दे.

महेश: अर्धे का? तीन भावंडं आहोत.

मीनाताई: मी गाडी कधी नेली सांग. माहेरच्या गाडीत माझं फक्त नाव.

निपाणी दाजी: बरोबर आहे तिचं.

मीनाताई: तुम्ही बोलणार नव्हता ना?

महेश: ओके. अर्धे देतो. पण ब्रँड मी सांगणार.

संजूदादा: ब्रँड दुकानात जो ताज्या तारखेचा मिळेल तो. मिशेलिन दोन वर्षं गोदामात पडलेलं असेल तर काय पूजा करू? मी सहा महिन्यांच्या आतली तारीख आणि ८५ टी बघणार. बाकी अपोलो, सीएट, जेके, एमआरएफ, ज्याचे चार एकसारखे असतील ते.

बाळूकाका: ८५ टी म्हणजे?

ओंकार: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो चालतं. टी म्हणजे ताशी १९० पर्यंत.

सविता: म्हणजे दाजी आणि बाळूकाका दोघं मागे बसले तरी चालतंय 😂

निपाणी दाजी: 🙏 चालू द्या.

शनिवार

संजूदादा: दुकानात आहे. आधी गड्याने दोन या वर्षाचे आणि दोन २०२४ चे आणले. म्हणाला, साहेब, टायर काय दूध आहे का नासायला. मी म्हटलं मग तुझ्या गाडीला लाव. आतून चार एका लॉटचे निघाले, यंदाच्या बाराव्या आठवड्याचे. सीएट. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घेतोय, व्हॉल्व्ह पण नवे.

ओंकार: स्टेपनी बघितली का?

संजूदादा: बघितली. कधी लावलेलीच नाही. ०९१४.

ओंकार: गाडीबरोबर आलेली! बारा वर्षं झाली. ती काढा, जुन्या चारातला बिनफुग्याचा बरा बघून स्टेपनीला घाला. तो पण फक्त पंक्चरवाल्यापर्यंत, हळू.

अप्पा: स्टेपनी टाकायची न्हाई. पुरी नक्षी हाय तिला.

संजूदादा: अप्पा...

बाळूकाका: तो टायर मला द्या. गोठ्यावरच्या ताडपत्रीवर ठेवतो.

मीनाताई: पाणी साचू देऊ नका काका, डास होतात. भोकं पाडून ठेवा.

ओंकार: मामा, बाकीचे दुकानात सोडणार असाल तर बाजूला कटरने कापून द्या. काहीजण खाच परत कोरून सेकंडहँड म्हणून विकतात.

संजूदादा: कापले. गडी तोंड वाकडं करून बघत होता. महेश, आठ हजार नऊशे पाठव.

महेश: आठ पाठवले. टोलचे राहिलेले त्यात धर.

संजूदादा: कुठले टोलचे?

महेश: गोव्याला जाताना आईच्या गोळ्या मीच आणल्या होत्या.

मीनाताई: देवा.

संजूदादा: सकाळी सहाला निघायचं. नवे टायर आहेत, पहिले शंभर-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवणार, मागून कोणी घाई करायची नाही. सावंतवाडीला पोचल्यावर नट परत एकदा आवळणार.

सुमनआत्या: दोन किलो कुंदा मीच सांगितला. आता मला एवढंच सांगा, मागे खिडकीशी कोण बसणार? मला उलट्या होतात.