चेंबूर–वडाळा–जेकब सर्कल: चालकाविना लाइट रेल परवडेल का?

वडाळकर
मुंबईच्या मोनोरेलच्या पट्ट्यात उन्नत, चालकरहित लाइट रेल (मेट्रोहून छोट्या गाड्यांची रेल्वे) आणावी असं माझं मत. ६० मीटरची गाडी, बसलेले-उभे मिळून ४०० माणसं. दर ९० सेकंदांनी एक, म्हणजे तासाला ४० गाड्या, एका दिशेला १६,००० प्रवासी. स्थानकं आखूड, खर्च कमी. व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८०च्या दशकापासून अशीच धावते.

शेवटचा थांबा
१६,००० कागदावर. चालक काढल्याने ९० सेकंद मिळत नाहीत, गाडं अडतं शेवटच्या स्थानकात. क्रॉसओव्हर (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा रुळांचा जोड) फलाटाच्या अलीकडे असेल तर येणारी गाडी जाणारीची वाट कापते. एक आत येणार, माणसं उतरणार-चढणार, रुळांचा सांधा फिरून लॉक होणार, मग दुसरी सुटणार. क्रॉसओव्हर फलाटापलीकडे नेला तर पुढे आख्खी गाडी मावेल एवढा वायडक्ट (खांबांवरचा मार्ग) हवा. जेकब सर्कलला तेवढी जागा दाखवा.

शिवाय स्कायट्रेनच्या जुन्या मार्गांवर लिनियर मोटर (चुंबकी बलाने गाडी थेट पुढे ओढणारी) आहे, ओढ चाकाच्या पकडीवर अवलंबून नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात रुळावर धूळ-तेलाचा राप बसतो, चाकं घसरतात. मग ब्रेकचा हिशेब सावध धरावा लागतो आणि दोन गाड्यांतलं अंतर वाढतं.

साडेसातशे व्होल्ट
विजेचंही बघा. ७५० व्होल्ट डीसी घेतलं तर साधारण दर दोन किलोमीटरला रेक्टिफायर सबस्टेशन (एसी विजेची डीसी करणारं उपकेंद्र). त्याला दाट वस्तीत जागा कोण देणार? वर्सोवा–घाटकोपर मेट्रोसारखी २५ केव्ही (२५,००० व्होल्ट) ओव्हरहेड तार घेतली तर सबस्टेशनं मोजकी, पण तारेभोवती मोकळी जागा जास्त सोडावी लागते. ७५० व्होल्ट वाहणारा तिसरा रूळ (मार्गाशेजारचा विजेचा रूळ) पावसाला घाबरून नाकारू नका. वायडक्टवर पाणी साचत नाही, साचतं डेपोत. वडाळ्याच्या सखल जमिनीवर डेपोचं स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी यंत्रणा) उंच चौथऱ्यावरच हवं.

शेवटचा थांबा
आणि गर्दी? १९ ऑगस्ट २०२५ला म्हैसूर कॉलनीजवळ मोनो अडकली. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सांगितलेलं कारण: क्षमता १०४ टन, भार १०९ टनांच्या आसपास, वीज घेणारा संपर्क सुटला. हार्बर लोकल बंद पडली की लोंढा छोट्याच गाडीत घुसणार.

वडाळकर
मोनोच्या तुळईवर उतरायला वाट नव्हती, शिड्या लावाव्या लागल्या. लाइट रेलच्या वायडक्टवर सलग पायवाट बांधता येते. एअर स्प्रिंगचा (डब्याखालच्या हवेच्या उशीचा) दाब भार सांगतो; मर्यादा ओलांडली की गाडी सुटायचीच नाही.

शेवटचा थांबा
सुटली नाही, मग दारातल्यांना उतरवणार कोण? संगणक? लंडनच्या डीएलआरमध्ये (डॉकलँड्स लाइट रेल्वे) गाडी स्वयंचलित, तरी आत कर्मचारी असतो आणि दारं तोच सांभाळतो. इथे फलाटावर माणसं ठेवलीत तर पगाराची बचत गेली.

साडेसातशे व्होल्ट
बचत पगारात शोधूच नये. चालकांची ड्युटी न जुळवता ऐन गर्दीत चार गाड्या जादा सोडता येतात, हा खरा फायदा. मात्र त्या दोन्ही टोकांना उभ्या हव्यात. सगळ्या वडाळ्यात ठेवल्यात तर जेकब सर्कलला पोचेपर्यंत गर्दी टॅक्सीत बसलेली असेल.