विषय: हॉलच्या फोनचं बिल (कृपया वाचा!!)

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
हॉलच्या बिझनेस लाइनचं बिल काल आलं. एरवी साठ-सत्तर डॉलर येतं, या वेळी ८४२. जवळजवळ सगळे कॉल ८७६ आणि ४७३ या एरिया कोडना, शनिवारी मध्यरात्रीनंतर, एकेक पाऊण तासाचा. मागच्या प्रकारानंतर आपण ०११, म्हणजे परदेशी कॉल लावायचा कोड, बंद करून घेतला होता ना? ज्या ग्रुपने शनिवारी हॉल वापरला त्यांनी खुलासा करावा. लाइन काढून टाका असं कोणी सुचवू नये, गणपतीच्या फ्लायरवर हाच नंबर छापून झालाय. बिलाचं स्कॅन जोडलंय.

प्रेषक: नाटक विभाग

"ज्या ग्रुपने" म्हणजे आम्हीच ना? मग सरळ नाव घ्या. तालीम साडेदहाला संपली, कुलूप मी लावलं, किल्ली नानांच्या मेलबॉक्समध्ये टाकली. फ्रीजमधलं श्रीखंड गेलं तेव्हाही पहिलं बोट आमच्याकडेच होतं.

प्रेषक: नाना

किल्ली त्याच रात्री मिळाली. श्रीखंडाचा विषय मिटलेला आहे, तो पुन्हा उकरू नये.

प्रेषक: वेबसाइटवाला

८७६ म्हणजे जमैका, ४७३ ग्रेनाडा. डॉमिनिकन रिपब्लिकचा ८०९ पण त्यातलाच. हे सगळे आपल्यासारखेच +१ या कंट्री कोडमध्ये येतात, ०११ लागतच नाही. टेक्ससला लावतो तसा १ दाबून लावायचा, पैसे मात्र परदेशाचे पडतात. म्हणजे नुसतं ०११ बंद करून काही उपयोग नव्हता.

आता स्कॅनचं तिसरं पान बघा. पहाटे ३:१२ ला सुरू झालेला कॉल ४७ मिनिटांचा आणि ३:१५ ला दुसरा सुरू. दोन्ही लाइन एकदम, आणि हॉलमध्ये फोन एकच! तिथे माणूस नव्हताच. किचनच्या कपाटात मोठ्या पातेल्यामागे फोन सिस्टिमचा जो करडा डबा आहे, त्याच्या व्हॉइसमेलमध्ये बाहेरून कोणीतरी शिरलंय. पासवर्ड जमला की त्याच डब्यातून बाहेर कॉल फिरवता येतात. शनिवार-रविवारची रात्र मुद्दाम निवडतात, सोमवारपर्यंत कोणी बघत नाही म्हणून. पासवर्ड काय ठेवला होता?

प्रेषक: माजी सचिव

१२३४ हा पासवर्ड आमच्या कमिटीने ठेवलेला नाही. डबा बसवला तेव्हापासून तोच आहे. हँडओव्हरच्या फाइलमध्ये "बदलून घ्यावा" असं लिहिलंय. फाइल कोणी उघडली नसेल तर आमचा नाइलाज आहे.

प्रेषक: नाना

अहो, पासवर्ड लिस्टवर काय टाकता!

प्रेषक: काका, एडिसन

हे स्लॅमिंग आहे. आमच्या दुकानाच्या लाइनची लाँग डिस्टन्स कंपनी एकदा न विचारता बदलून टाकली होती, सही कोणाची तर म्हणे कुठल्याशा लकी ड्रॉच्या कुपनावरची. हॉलच्या फोनवरून १-७००-५५५-४१४१ लावा, सध्या कुठली कंपनी आहे ते मशीन सांगतं. आणि कोणी "मी फोन कंपनीचा टेक्निशियन, जरा ९०# दाबा" म्हणालं तर फोन ठेवा.

तरी ते दिवस बरे होते म्हणा. घरी फोन करायला पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड घ्यायचं, पोस्टरवर चाळीस मिनिटं, प्रत्यक्षात आई "कोण बोलतंय?" म्हणेपर्यंत निम्मं संपलेलं.

प्रेषक: माई

काका, तुम्ही भलतं कार्ड घेत होतात. आम्ही ओक ट्री रोडवरून वाघाचं चित्र असलेलं घ्यायचो, पुरेपूर चालायचं. फक्त एका बैठकीत संपवावं लागायचं, दुसऱ्या दिवशी त्यात काही उरत नसे.

प्रेषक: वेबसाइटवाला

काका, स्लॅमिंगमध्ये कॉल आपलेच असतात, कंपनी आणि दर बदलतो. इथे कॉलच आपले नाहीत. ९०# सुद्धा बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागतो अशा काही ऑफिसच्या स्विचबोर्डांवरच चालतं. आपल्याकडे तसं नाही.

प्रेषक: खजिनदार

आज कंपनीला फोन केला. तासभर होल्डवर ठेवून विचारतात, अकाउंटवर तुमचं नाव कुठेय? नाव अजून आपल्या आधीच्या अध्यक्षांचं, जे डॅलसला जाऊनही जमाना झाला. एवढं मात्र ऐकवलं की तुमच्या डब्यातून गेलेला कॉल तो तुमचाच.

प्रेषक: माजी अध्यक्ष, डॅलस

नाव बदलायचा फॉर्म मी निघण्याआधीच सही करून दिला होता. कोणाकडे दिला ते लिहीत नाही. गुरुवारी सातला कॉन्फरन्स कॉल करू, मी लाइनवर राहीन, बोला तुम्ही. फ्रॉड डिपार्टमेंटच मागा, बिलिंगवाले नुसते फिरवत बसतात. वादातली रक्कम लेखी कळवा आणि बाकीचे पैसे वेळेत भरा, नाहीतर ऐन गणपतीत लाइन कापतील. इंटरनॅशनल ब्लॉक मागताना "कॅरिबियनचे एरिया कोड धरून" असं स्पष्ट म्हणा.

प्रेषक: खजिनदार

सात तुमचे की आमचे?

प्रेषक: माजी अध्यक्ष, डॅलस

तुमचे. आमचे सहा.

प्रेषक: नाटक विभाग

गुरुवारी सातला हॉलवर तालीम आहे, तो फोन मोकळा मिळेल असं धरू नका. आणि नाटकवाल्यांनी कॉल लावले नाहीत, हे एका ओळीत कोणीतरी लिस्टवर लिहा. अजून कोणी लिहिलेलं नाही.

प्रेषक: खजिनदार

नाटकवाल्यांनी कॉल लावले नाहीत. फोन घरून करतो. डब्याचा पासवर्ड आजच बदलायचाय, किचनच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?