‘संयुक्त मानापमान’ आज लावलं तर धैर्यधर कोण, भामिनी कोण?

तिसरी_घंटा
काल जेवताना घरात पेटलेला वाद इथे आणून टाकतो. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग. ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर, गंधर्व मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी. एरवी चढाओढ असलेल्या दोन कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले.

आज तसा प्रयोग लावायचा तर माझी यादी अशी: धैर्यधर राहुल देशपांडे, भामिनी प्रियांका बर्वे, लक्ष्मीधर वैभव मांगले. प्रियांकावर अडून बसणार. ‘मुघल-ए-आझम’च्या रंगमंचीय प्रयोगात अनारकली करताना ती नाचता-बोलताना प्रत्यक्ष गायलीय. असं गाणारी नटी आणखी कोण, सांगा.

काळी_चार
लक्ष्मीधर मान्य. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण ज्याने केली त्याला डरपोक श्रीमंत अवघड नाही. राहुलला मात्र माझा नकार. गाण्याबद्दल शब्द नाही. पण धैर्यधर सेनापती आहे हो! छावणीत उभा राहिला की चार शिपाई आपसूक ताठ झाले पाहिजेत. मी आधी नट शोधेन आणि मग त्याला दोन वर्षं गाणं शिकवेन.

तिसरी_घंटा
दोन वर्षांत धैर्यधराचं ‘रवि मी’ हे पद? दीनानाथ मंगेशकरांची ध्वनिमुद्रिका पुन्हा एकदा ऐका आणि मग बोलू. तुमचा ताठ सेनापती पहिल्या तानेलाच शरण जाईल.

काळी_चार
तिथेच घोळ आहे. सगळ्यांना दीनानाथ हवेत. मग मैफलच ठेवा ना, पोशाखाचा खर्च कशाला?

वहिनी_नाशिक
भामिनीबद्दल कुणी नीट बोलणार का? ती आधी गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारते, मग स्वतःच गरीब वनमाला होऊन त्याच्या छावणीत जाते. म्हणजे एकाच बाईची दोन रूपं. वनमालेचा साधा पदर सावरतानाही श्रीमंत घरातली सवय क्षणभर दिसली पाहिजे. बहुतेक प्रयोगांत मी पाहते ते काय, तर दागिने उतरले की झाली वनमाला! प्रियांकाला माझं मत आहे ते यासाठी, अनारकलीसाठी नव्हे. आणि ‘नाही मी बोलत नाथा’त रुसवा हवा, नुसती गळ्याची हरकत नको.

जुना_पडदा
भामिनी पुरुषाने करावी. परंपरा आहे.

वहिनी_नाशिक
तेव्हा बायकांना रंगमंचावर येऊ देत नव्हते, त्याला परंपरा म्हणायचं? बालगंधर्व थोरच. पण ती सोय होती काका, नियम नव्हे.

फोंड्याचो
तुमची यादी वाचून हसू आलं. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलेच लोक संगीत नाटक करतात. आमचा धैर्यधर दिवसा वीजखात्यात मीटर वाचायचा. ‘चंद्रिका ही जणू’ला वन्समोर आला तेव्हा त्याची मिशी एका बाजूने सुटली. गड्याने डावा हात मिशीवर ठेवला आणि उजव्या हाताने चंद्र दाखवत पद पुन्हा पूर्ण केलं. कोणी हसलं नाही. तुमच्या स्टारांना वन्समोर घ्यायला वेळ असेल? दहा वाजता थिएटर रिकामं करायचं असतं ना!

काळी_चार
@फोंड्याचो, हा माणूस मला चालेल. तलवार धरता येते का त्याला?

फोंड्याचो
तलवार लाकडाची होती. दुसऱ्या अंकात मोडली.

तिसरी_घंटा
वेळेचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पन्नासएक पदं तीन तासांत बसत नाहीत, कात्री लागणारच. ‘खरा तो प्रेमा’ कापलं तर मात्र मी तिकीट परत मागेन. राहुलवर ठाम आहे. वहिनींचा पदराचा मुद्दा घेतला. आणि इतक्या मारामारीत ऑर्गनवर कोण बसणार हे कुणीच सांगितलं नाही. कीबोर्ड म्हणाल तर धागा बंद करतो.