'ओके'चा बाप कोण? बॉस्टनचा संपादक की आणखी कुणी?

काठावरचा
'ओके' म्हणजे अमेरिकी यादवी युद्धातलं 'झीरो किल्ड' (शून्य वाचायचं 'ओ'), म्हणजे 'आज कुणी मेलं नाही', हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला. थोतांड आहे. ते युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, आणि 'ओके' छापून आलं २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. त्या काळी तिथल्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची खोड होती. 'ऑल करेक्ट'मधलं 'ऑल' 'ओ'ने आणि 'करेक्ट' 'के'ने लिहायचं, झालं 'ओके'. तसंच 'ऑल राइट'चं 'ओ डब्ल्यू'. ते मेलं, 'ओके' तगलं, कारण १८४० ची निवडणूक. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांचं गाव किंडरहूक, म्हणून ते 'ओल्ड किंडरहूक' आणि त्यांच्या समर्थकांचे 'ओके क्लब'. विरोधकांनी आवई उठवली की ब्यूरन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, 'ओके' हे त्यांचंच चुकीचं लेखन. ब्यूरन हरले, शब्द देशभर झाला. भाषा-अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये जुन्या वर्तमानपत्रांतून हे सगळं पुराव्यासह मांडलंय. माझ्या मते विषय संपला.

सह्यकडा
कसला संपला? छापील कागद म्हणजे काय जन्मदाखला? चॉक्टॉ या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेत 'असंच आहे' अशा अर्थाचा 'ओके'सारखाच शब्द आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन ते मूळ मानून स्पेलिंगला शेवटी 'एच' जोडत. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला होकार 'वाव के'च्या जवळ जातो, तो गुलामांबरोबर अमेरिकेत आला असं भाषा-अभ्यासक डेव्हिड डॅल्बी यांचं म्हणणं. बेड्या घालून नेलेल्यांची बोली १८३९ च्या आधी छापणार कोण होतं? बॉस्टनचा संपादक?

काठावरचा
विल्सन विसाव्या शतकातले. त्यांच्या स्पेलिंगवरून १८३९ च्या आधीचं काय कळणार? नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक लावायची तर ग्रीक 'ओला काला' आहे, स्कॉटिश 'ऑक आय' आहे. सगळ्यांचीच पत्रिका जुळते.

खवचट आजी
भांडा तुम्ही. आमच्या घरात त्याचा अर्थ 'सगळं बरोबर' कधीच नसतो. भाजी कशी झालीय? 'ओके.' म्हणजे फसली. मुलगा 'ओके ओके' दोनदा म्हणाला की आता बोलणं थांबवा. साहेबांनी फाइल 'ओके' केली तर मंजुरी, पडल्यावर 'ओके आहेस ना?' म्हणजे लागलं का. आणि मेसेजवर नुसतं 'के' आलं की भांडण नक्की! १८३९ मध्ये काय होतं याने यातलं काय बदलतं?

हायवेवाला
आणि ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज'? त्यातल्या 'ओके'चा अर्थ कुणी सांगेल का? कुणी म्हणतं युद्धकाळात ट्रक रॉकेलवर चालायचे, त्याचा तो इशारा. कुणी म्हणतं ती साबणाची जाहिरात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी केली, तरी रंगवणारे रंगवतातच.

काठावरचा
बंदी हॉर्नसाठी होती हो, 'वाजवा' असं आमंत्रण नको म्हणून. पण उदाहरण झकास दिलंत. रॉकेल काय, साबण काय, डोळ्यांसमोरच्या पाटीबद्दल एवढ्या कथा पिकतात, मग पावणेदोनशे वर्षांहून जुन्या शब्दाबद्दल का नाही पिकणार? गोष्ट जितकी गोड, तितकी मला जास्त शंका येते.

सह्यकडा
मग तुमचीही गोष्ट गोडच आहे की. पत्रकाराची थट्टा, निवडणूक, टोपणनाव! 'ओ डब्ल्यू' मेलं आणि 'ओके' तगलं याला निवडणूक पुरेशी वाटते तुम्हाला. मला वाटतं, तो आवाज रस्त्यावरच्या माणसांच्या कानात आधीपासून होता. म्हणून तर थट्टा लगेच चिकटली.

काठावरचा
'वाटतं'वर व्युत्पत्ती उभी राहत नाही. १८३९ च्या आधीचं, तारीख नक्की असलेलं एक पान दाखवा, मी मत बदलतो.

सह्यकडा
ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्याकडे पान मागताय.