सरसकट 3,000 रुपये वर्गणी: तालुक्यातल्या मेडिकलने ठोक विक्रेत्याइतकीच का भरावी?

तालुका-मेडिकल

आमच्या जिल्हा केमिस्ट संघटनेची वार्षिक वर्गणी 500 रुपयांवरून सरसकट 3,000 करण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्यावर काल एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिले की, संघटना सर्वांसाठी सारखीच राबते म्हणून वर्गणीही सारखीच असावी, आणि ज्याला वर्षाला 3,000 रुपये जड वाटतात त्याने आपल्या व्यवसायाचाच पुनर्विचार करावा. यातल्या पहिल्या विधानावर सभ्यपणे मतभेद होऊ शकतो. दुसरे विधान मात्र मुकाट्याने गिळण्यासारखे नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संघटना सर्वांसाठी सारखी राबते, हा माझा अनुभव नाही. 22 सप्टेंबर 2025 रोजी बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दराने घेतलेल्या मालाचे काय करायचे याचे मार्गदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी, भर दुपारी, ठोक विक्रेत्यांच्या सोयीने झाले. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या, आमच्यासारख्या दुकानांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळतच नाही. आमचे काय, हे विचारायला दुकान बंद ठेवून साठ किलोमीटर कोण जाणार? कालबाह्य मालाच्या दोन-चार पट्ट्या परत घ्यायला स्टॉकिस्ट, म्हणजे कंपनीने नेमलेला ठोक विक्रेता, टाळाटाळ करतो, हा आमचा रोजचा प्रश्न कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर गेल्या कित्येक सभांत आलेला नाही.

माझे म्हणणे असे की वर्गणी परवान्यावर बसवावी. किरकोळ विक्रीच्या 20-21 परवान्याला एक दर, घाऊक विक्रीच्या 20बी-21बी परवान्याला त्याच्या चौपट, आणि ज्याच्या नावावर पाच जागांचे परवाने असतील त्याने पाचही जागांचे भरावेत. परवाना प्रत्येकाच्या भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे कोणाचे खाते उघडून पाहण्याची वेळ येत नाही.

जुना सभासद

ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. वर्षाला 3,000 म्हणजे महिन्याला 250 रुपये होतात. 2012-13 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर नसल्याबद्दल राज्यभर परवाने निलंबित करण्याचा सपाटा लावला होता, तेव्हा सुनावणीच्या दिवशी सभासदांबरोबर जाऊन बसणारे आम्ही आमची दुकाने वाऱ्यावर सोडून गेलो होतो. त्या दिवशी कोणाचा परवाना किरकोळ आणि कोणाचा घाऊक, हे आम्ही विचारले नव्हते. ज्या दिवशी वर्गणीचे दर वेगळे होतील, त्या दिवसापासून हक्कही वेगळे मागितले जातील, आणि मग संघटनेत वरचे सभासद व खालचे सभासद अशी उतरंड तयार होईल. सारखी वर्गणी हा सारख्या मानाचा पाया आहे, हे मी तीन दशकांच्या कामावरून सांगतो.

घाऊक विक्रेता

हे चौपट कशाच्या आधारावर आले? ठोक विक्रेत्याची उलाढाल मोठी दिसते म्हणून तो श्रीमंत, असा सोयीचा समज आहे. मूल्यनियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 2013 च्या औषध मूल्यनियंत्रण आदेशाप्रमाणे 16 टक्के मिळतात आणि ठोक विक्रेत्याच्या हाती व्यवहारात साधारण 8 टक्के राहतात. म्हणजे माझ्या 1 कोटीच्या विक्रीवर ढोबळ नफा सुमारे 8 लाख, आणि 50 लाखांची विक्री असलेल्या मेडिकलचा ढोबळ नफाही तेवढाच. त्यातून मी गाडी, डिलिव्हरीची मुले, शीतपेट्या आणि उधारीवरचे व्याज भागवतो. ही उधारी कोणाकडे अडकलेली असते, हे तालुक्याच्या बंधूंनी स्वतःच्या वहीत पाहावे. कालबाह्य मालाबद्दल आम्हाला बोल लावला जातो. कंपनी आमची क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम, सहा-सहा महिने अडवून धरते, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

तालुका-मेडिकल

कोटीची विक्री असलेला ठोक विक्रेता आपल्या जिल्ह्यात लहान समजला जातो, हे आपल्यालाही माहीत आहे. तरी आपले गणित चुकीचे नाही. म्हणूनच मी उलाढालीवर वर्गणी मागितली नाही, परवान्यावर मागितली. चौपटीचा आकडा तिपटीवर आला तरी मला चालेल. सरसकट दर चालणार नाही.

हिशेबनीस

मी दुकानदार नाही, पण दोन व्यापारी संघटनांचे हिशेब पाहतो. दर किती, याआधी एक साधी गोष्ट तपासायला हवी होती, ती कोणीच तपासलेली नाही. व्यापार-उद्योगाच्या उन्नतीसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेने सभासदाकडून घेतलेली वर्षाला 1,000 रुपयांपर्यंतची वर्गणी जुलै 2018 पासून जीएसटीमुक्त आहे. आपल्या संघटनेचे सुमारे 700 सभासद धरले तर 3,000 च्या दराने जमा 21 लाख होते, म्हणजे जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादाही ओलांडली जाते. मग 18 टक्के कर लागून सभासदाला 3,540 रुपये मोजावे लागतील. ठोक विक्रेता हे वरचे 540 वजावटीत घेईल, कंपोझिशनमधले मेडिकल घेऊ शकणार नाही. सरसकट दर कागदावर सारखा असला, तरी प्रत्यक्षात लहान दुकान जास्त भरेल. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सभासदांना दिलेल्या सेवांवर कर लावणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली आहे, हे मला माहीत आहे; परंतु दुसऱ्या राज्यातल्या त्या निकालाच्या भरवशावर आपल्या जिल्ह्याने अंदाजपत्रक बांधू नये.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. इतकी वर्षे 500 रुपयांत, म्हणजे साडेतीन लाखांच्या जमेत, कार्यालय, कर्मचारी, वार्षिक मेळावा, प्रवासखर्च हे सगळे कसे भागत होते?

मडगावचा औषधविक्रेता

याचे उत्तर आम्हा गोव्यातल्या लोकांना चांगले माहीत आहे. औषध कंपन्या भागवत होत्या. नवे उत्पादन बाजारात आणायचे तर संघटनेच्या पत्रकात पीआयएसची, म्हणजे उत्पादनाच्या माहितीची, पैसे भरून जाहिरात द्यायची, आणि नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घ्यायची, असा देशभरचा शिरस्ता होता. आमच्याकडच्या वार्का ड्रगिस्टच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने 11 जून 2012 रोजी गोव्याच्या संघटनेविरुद्ध निकाल देऊन 2 लाखांचा दंड केला, आणि पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटनेविरुद्धही आदेश दिला. ती गंगाजळी आटली म्हणून आता सभासदाच्या खिशाकडे हात वळले आहेत. 500 रुपये ही तुमच्या संघटनेची खरी वर्गणी कधीच नव्हती.

जुना सभासद

हा आमच्यावर सरळ आरोप आहे आणि तो मी सहन करणार नाही. पीआयएस म्हणजे खंडणी नव्हती. मोबाइल नसलेल्या काळात नव्या औषधाचे नाव, घटक आणि किंमत खेड्यातल्या दुकानापर्यंत पोहोचवणारे तेच एक साधन होते, आणि कंपनीने विक्रेत्यांना किंमत कळवावी ही मूल्यनियंत्रण आदेशाचीच अपेक्षा आहे. आयोगानेही पीआयएस मुळात वाईट असे म्हटलेले नाही; ती सक्तीची करू नका, एवढेच म्हटले. एका कंपनीने आमच्या भागातला कालबाह्य माल घ्यायला साफ नकार दिला होता, तेव्हा संघटनेचे पत्र गेल्यावर महिन्याभरात सगळ्यांच्या क्रेडिट नोटा आल्या. ती ताकद त्या काळच्या संघटनेत होती, आणि आज तिची टिंगल करणाऱ्यांनी तिचे फळ खाल्ले आहे.

दुसऱ्या पिढीची फार्मासिस्ट

ताकदीची दुसरी बाजू मी भोगली आहे. वडिलांच्या दुकानाला जोडून मी घाऊक परवाना काढला आणि एका कंपनीचा माल मागितला, तेव्हा तिच्या अधिकाऱ्याने आधी संघटनेचे पत्र आणा असे सांगितले. स्थानिक पदाधिकाऱ्यांकडे गेले तर 'त्या भागात आधीच दोन स्टॉकिस्ट आहेत' असे उत्तर मिळाले. त्या दोघांपैकी एक त्याच पदाधिकाऱ्यांचा नातेवाईक होता. माझा परवाना वर्षभर भिंतीवर टांगलेला राहिला, बँकेचा हप्ता मात्र टांगून राहिला नाही. ज्या संघटनेने मला धंद्यात येऊ दिले नाही, तिची मी वर्गणीदार होते आणि आजही आहे. काका, आपल्या क्रेडिट नोटा खऱ्या असतील, पण त्या ताकदीची किंमत कोणी मोजली तेही लिहा.

घाऊक विक्रेता

माझ्या धंद्याला त्या एनओसीने संरक्षण मिळाले, हे मी नाकारणार नाही. एका भागात दहा स्टॉकिस्ट झाले की कटिंग, म्हणजे भाव पाडून विकणे, सुरू होते, उधारी बुडते आणि शेवटी सगळेच खाली बसतात. तरीही ताईंच्या बाबतीत जे झाले ते चुकीचे झाले, आणि आज कोणी तसे पत्र मागितले तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. आमच्यासारख्यांना त्या व्यवस्थेचा लाभ झाला म्हणून आम्ही आज जास्त भरावे, असा युक्तिवाद असेल तर तो मला मनापासून पटत नाही. मात्र त्याला माझ्याकडे तयार उत्तरही नाही.

मडगावचा औषधविक्रेता

उत्तर शोधण्याची गरजही नाही. कंपनीच्या पैशावर चालणारी संघटना कंपनीविरुद्ध किती बोलणार? तुमच्या क्रेडिट नोटा सहा महिने अडतात, त्या पीआयएसच्या काळातही अडतच होत्या. सभासदाच्या पैशावर चालणारी संघटना निदान सभासदाला उत्तर द्यायला बांधील राहते. वर्गणी वाढलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही.

हिशेबनीस

एनओसीवरून आपण वर्गणीकडे परत येऊ. मी कार्यकारिणीच्या प्रस्तावासोबतचे अंदाजपत्रक पाहिले. 21 लाखांपैकी नियमित खर्च 12 लाखांचा आहे आणि उरलेले 9 लाख संघटना भवनाच्या निधीला दाखवले आहेत. वर्गणीच्या नावाखाली इमारतीची वर्गणी गोळा होत आहे, हे प्रस्तावाच्या मसुद्यात कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही.

आणखी एक गंभीर बाब अशी की, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्या सभासदाला मत देता येत नाही. वर्गणी एकदम सहापट केली आणि निवडणूक लगेच लागली, तर कोणाची नावे मतदारयादीतून गळतील हे सांगायला ज्योतिषी नको.

जुना सभासद

भवनाचा निधी वेगळा दाखवायला हवा होता, हे मान्य करतो. मतदारयादीबद्दलचा संशय मात्र अन्यायाचा आहे. तसा विचार कार्यकारिणीत कोणाच्या मनातही आलेला नाही.

तालुका-मेडिकल

मनात आला की नाही, याला महत्त्व नाही. परिणाम तोच होईल. आता आकड्यांतच बोलतो. 700 सभासदांपैकी सुमारे 560 किरकोळ आणि 140 घाऊक आहेत. किरकोळ परवान्याला 1,000 आणि घाऊक परवान्याला 4,000 धरले, तर दोन्हीकडून 5 लाख 60 हजार, एकूण 11 लाख 20 हजार जमतात. एकाहून अधिक जागा असलेल्यांचे परवाने वेगळे मोजले की 12 लाखांची गरज भागते, किरकोळ सभासद करमुक्त मर्यादेत राहतो आणि संघटना 20 लाखांच्या आत राहते. भवनासाठी ऐच्छिक निधी घ्यावा, त्याचे खाते वेगळे असावे, आणि लेखापरीक्षित हिशेब सभेच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक तालुक्याला पोहोचावेत. मत मात्र प्रत्येक सभासदाला एकच. पाच परवान्यांचे भरले म्हणून पाच मते कोणी मागू नयेत.

घाऊक विक्रेता

तिपटीपर्यंत मी आमच्या लोकांना समजावू शकेन, चौपटीला ते उभे राहतील असे वाटत नाही. आणि निम्मा पैसा आमचा असताना मते पाचात एक असतील, तर खर्चाच्या निर्णयात तरी आम्हाला निश्चित स्थान हवे. वित्त समितीत घाऊक विक्रेत्यांच्या दोन जागा संघटनेच्या घटनेत लिहून द्या, मग चौपटीचे बोलू.

जुना सभासद

मी पहिल्याच उत्तरात म्हटले होते की दर वेगळे झाले की हक्क वेगळे मागितले जातील, आणि ते इथेच मागितले गेले. तालुक्याच्या बंधूंचे गणित माझ्या प्रस्तावापेक्षा नीट मांडलेले आहे, एवढे मी मान्य करतो, आणि व्यवसायाच्या पुनर्विचाराचे ते वाक्य लिहायला नको होते असे आता आपणा सर्वांचे मत दिसते, तेही ऐकून घेतो. पण राखीव जागांच्या घटनादुरुस्तीला सभेत मी विरोधच करणार आहे.

दुसऱ्या पिढीची फार्मासिस्ट

विरोध अवश्य करा, काका, पण त्याच सभेत एनओसी कोणालाही, कोणत्याही स्वरूपात मागितली जाणार नाही असा ठरावही घ्या. तो मंजूर झाला तर माझे घाऊक परवान्याचे 4,000 मी त्याच दिवशी भरीन.